लवू मेस्तांची अमावास्या

खरं सांगा, चालता चालता कुठं एखादं भोक दिसलं तर तुम्ही काय करता?

काही करत नाही. मीही करत नाही. भोक भिंतीला असो, रस्त्याला असो, नाही तर सरकारच्या एखाद्या कायद्याला असो; आपण ते बघतो, एक उसासा टाकतो आणि पुढं जातो. आपल्या लोकांच्या या सवयीवर मी एक पत्रकच लिहून छापलं होतं. वेंगुर्ल्यात आमचा एक लहानसा छापखाना आहे. वडील पत्रकं छापायचे आणि मी ती वाचत वाढलो, त्यामुळं काही डाचलं की पत्रक काढायचं, हीच घरची रीत. हे पत्रक फुकट वाटूनही संपेना. शेजारच्या लवू मेस्तांनी तर ते वाचलंच नाही. त्यांना गरजही नव्हती. लवू मेस्तांना भोक दिसलं की ते तिथल्या तिथं बुजवत.

मेस्त होड्या बांधणारे. त्यातही त्यांचं खास काम म्हणजे होडीचे सांधे बंद करणं. दोन फळ्यांच्या मधे कापूस नि काथ्या ठासून भरायचा आणि वर राळ-तेल घोटून केलेलं लुकण थापायचं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. लुकणाची डबी आणि एक दाभण कायम कमरेला. भोकाला ते ‘बुराक’ म्हणत, आणि बुराक दिसला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. “पाणी वाट बघता हां,” असं म्हणून ते डबी उघडायचे. शाळेची भिंत असो नाही तर देवळाचा दरवाजा. पाणी तिथं कुठून येणार, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

बुराक हा शब्द पोर्तुगीजांचा आहे, हे मला एका पुस्तकात सापडलं तेव्हा मी भडकलो. आरोंद्याच्या खाडीपलीकडं गोव्यात त्यांचं राज्य, सरहद्द बंद, आपली माणसं तिकडं अडकलेली, आणि शब्द मात्र आपण त्यांचे वापरायचे? मी तडक मेस्तांच्या अंगणात गेलो.

“मेस्तानू, ह्यो शब्द सोडा. परक्यांचो आसा.”

मेस्त एका पाळण्याच्या खुराला पडलेली चीर बुजवत होते. मान वर न करता म्हणाले, “बुराक खंयचोय असो रे झिला, पाणी आपल्याच होडयेत येता.”



आमच्या छापखान्यात यंत्रामागं एक झरोका होता. एका सकाळी तो नाहीसा झाला. शाईच्या वासानं आठ दिवस आम्ही गुदमरलो, नवव्या दिवशी वडिलांनी भिंतीवर हात फिरवून पाहिला तर गुळगुळीत लुकण. भजनातल्या बुवांची बासरी एकदा मेस्तांच्या ओटीवर राहिली. दुसऱ्या दिवशी ती वेगळ्याच पट्टीत वाजायला लागली. “एका बुराकार तर कोणाचा बोटच नाय,” मेस्तांनी खुलासा केला. “वारो फुकट जाता.” चाळणीसमोर मात्र ते हतबल व्हायचे. आमच्या आईनं पीठ चाळायला घेतलं की मेस्त उठून घरी जात.

अशा माणसाकडं फटफटी आली.

फटफटी दुसऱ्या महायुद्धातली. इथल्या एका फत्तेमारीच्या मालकानं ती हौसेनं आणली होती. त्याचं गलबत गळायला लागलं, मेस्तांनी ते पावसाळ्यापूर्वी असं काही बंद केलं, की त्यानं खूश होऊन विचारलं, “मेस्तानू, काय देव सांगा.” मेस्तांनी फटफटीकडं बोट दाखवलं. सगळे हसले. हातात फटफटीचं दांडकं घेऊन मेस्त पहिले आठ दिवस ती नुसती ढकलत हिंडले, पण नंतर शिकले. पुढं त्यांनी होडीवरची पितळी घंटा बांधली आणि ती अखंड वाजवत जायला लागले. माणसाला वाजवत, गुरांना वाजवत, वडाच्या झाडाला नि मैलाच्या दगडालाही वाजवत.

फटफटी कशासाठी हवी होती, ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. मेस्तांची एकुलती एक मुलगी, त्यांचं ‘चेडू’, शेवंता. बायको लवकर गेली, मुलगी त्यांनीच वाढवली आणि आरोंद्याच्या खाडीपलीकडं, पेडण्याच्या बाजूला दिली. तेव्हा खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून अर्ध्या तासात माहेरी येता येत होतं. मग सरहद्द बंद झाली. परवाने मिळत होते ते व्यापाऱ्यांना नि ओळखीवाल्यांना. होड्यांचे सांधे भरणाऱ्या माणसाला परवाना देऊन सरकारचं काय भलं होणार होतं? त्यावरही मी एक पत्रक काढलं होतं, ते असो.

अमावास्येला आणि पौर्णिमेला ओहोटी मोठी. त्या दिवशी संध्याकाळच्या आधी खाडीचं पाणी पार आत जातं, दोन्ही काठ जवळ येतात आणि पलीकडच्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला चिखलात उतरतात. शेवंताही उतरायची. बोलणं शक्य नव्हतं, वारा आवाज उडवून न्यायचा. पण बाप या काठाला, मुलगी त्या काठाला, असं घटकाभर उभं राहता यायचं. भरती चढायला लागली की तिला परतावं लागे. वेंगुर्ल्याहून आरोंदा पंधराएक मैल. “यष्टीक ओहोटी कळणा नाय,” मेस्त म्हणायचे. म्हणून फटफटी.

आणि फटफटी नेमकी त्याच दिवशी बंद पडायची.

एरवी काही नाही. मेस्त रोज जवळच उभ्यादांड्याला कामावर जात, येत. घंटेनं कान किटले तरी फटफटी थांबायची नाही. अमावास्या-पौर्णिमा आली की दोन मैल जायची, घुसमटल्यासारखी दोन आचके द्यायची आणि गप्प. खटपट केली की पुन्हा दोन मैल. मेस्त कधी ओहोटीला पोचत, कधी भरतीला.

आळीत यावर एकमत झालं होतं. “अवशीक फिरणारा कोण ता तिका दिसता,” असं अमावास्येच्या भुताचं नाव न घेता सांगून लोक आवाज खाली आणायचे. कोणी फटफटीला लिंबू बांधून गेलं. मी ते लिंबू तोडून सरबत करून प्यालो आणि अंधश्रद्धेवर एक जळजळीत पत्रक जुळवायला घेतलं. शास्त्रीय पुरावा हवा म्हणून वही केली. कुठल्या तिथीला फटफटी कुठं थांबली, किती वेळ थांबली, सगळं लिहिलं. पाच महिने. आणि पाच महिन्यांनी वही उघडली तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की फटफटी फक्त अमावास्येला आणि पौर्णिमेलाच बंद पडते.

मी वही मिटली. जुळवलेले अक्षरांचे खिळे पुन्हा खणात टाकले. आयुष्यात इतका गोंधळलो नव्हतो.

सायकल दुरुस्त करणारे दाऊदभाई हे गावातले यंत्रांचे वैद्य. त्यांनी कार्बोरेटर खोलला, त्यातलं जेट म्हणजे पेट्रोल जायचं ते सुईएवढं छिद्र फुंकून पाहिलं, आतला तरंगा हलवून पाहिला, प्लग दाताखाली धरून पाहिला. मग हात पुसत म्हणाले, “फटफटी बरी आसा, मेस्तानू. तुमीच अवशीक भायर पडू नकात.”

“तूय, दाऊद?” मेस्त म्हणाले.

“मी काय करू? यंत्रान सांगल्यान ता मी सांगतंय.”

मी पेट्रोलवर संशय घेतला. पेट्रोलमधे रॉकेल मिसळणाऱ्या काळ्या बाजारवाल्यांवर माझा जुना राग होता. पण तेच पेट्रोल मंगळवारी चालायचं आणि पुनवेला चालायचं नाही. काळा बाजारवाला पंचांग बघून मिसळतो असं म्हणायची तयारी माझीही नव्हती. शेवटी मेस्तांनाच विचारलं, “अवशी-पुनवेक तुमी काय वेगळा करतास?”

“काय नाय. आदल्या दिवशी फटफटी पुसतंय, नीट बघतंय, सगळा ठीकठाक करतंय. लांब जावचा असता मां!”

मी वहीत लिहिलं : आदल्या दिवशी विशेष काळजी. म्हणजे गूढ वाढलंच.

मार्गशीर्षातल्या पुनवेआधी परवान्यावर आलेल्या एका माणसाबरोबर शेवंताचा निरोप आला. तिला मुलगा झाला होता. दीड महिन्याचा होता, आणि या पुनवेला ती त्याला खाडीवर आणून बाबाला दाखवणार होती. तिसऱ्या वेचायच्या नव्हत्या, फक्त दाखवायचा होता. थंडी होती, सासूनं एकदाच परवानगी दिली होती.

मेस्त छापखान्यात येऊन उभे राहिले. “येतस माझ्यावांगडा?”

मला वाटलं, कार्बोरेटरसाठी नेतायत. वही घेतली आणि निघालो.

दुपारी दोनला सुटलो. ओहोटी पाचच्या सुमाराला पुरी व्हायची. दोन मैलांवर फटफटीनं आचके दिले. मेस्त उतरले, टाकीला कान लावून बसले, टाकी हलवली, झाकण उघडून आत डोकावले आणि एखादी आनंदाची बातमी द्यावी तसे म्हणाले, “पेट्रोल आसा!” झाकण लावलं, केसानं जेट साफ केलं, प्लग पुसला, किक मारली. सुरू! पुढं दोन मैलांवर तेच. कान, टाकी, झाकण, “पेट्रोल आसा!”, जेट, प्लग, किक. दरवेळी वीस-पंचवीस मिनिटं. आरवलीच्या अलीकडं फटफटी पुन्हा थांबली तेव्हा साडेचार होत आले होते आणि माडांच्या सावल्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या.

“मेस्तानू,” मी म्हटलं, “तुमी धा कामा एकदम करतास. नेमक्या कशान ती सुरू होता ता कळणाच नाय. एकावेळी एकच करूया.”

“कळान काय करतलस? तेच्यान ओहोटी थांबतली?”

“कळला तर परत थांबूक नको.”

मेस्तांनी खाडीच्या दिशेला पाहिलं, मग किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला. “बरा. कर.”

झाकणाला हात न लावता मी जेट साफ केलं. किक. नाही. प्लग पुसला. किक. नाही. मग कार्बोरेटरकडची नळी काढून बघितली, पेट्रोल येतं तरी का ते बघायला. चार थेंब पडले, आणि थांबले. टाकी तर हलवली की आत डुचमळत होती.

“संपला काय?” मेस्त घाबरून म्हणाले आणि सवयीनं त्यांनी झाकण उघडलं.

नळीतून भसकन धार आली आणि माझा लेंगा भिजला.

“लाव! झाकण लाव!” मी ओरडलो. म्हणजे मला त्यांना ‘लावा’ म्हणायचं होतं. घाईत मान राहिला. त्यांनी झाकण लावलं. धार बारीक झाली, मग थेंब झाले, मग तेही बंद. उघडलं, धार. लावलं, बंद. मेस्त माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्या हातातल्या झाकणाकडं.

“मेस्तानू, घासलेटच्या डब्याक बुराक किती पाडतास?”

“दोन.”

“एक कित्याक नाय?”

“एकान तेल येणा नाय. वारो आत जावक दुसरो व्हयो ना, मेल्या, इतक्या तुका...” आणि मेस्त तिथंच थांबले.

त्यांनी झाकण उलटं केलं, सुलटं केलं. बरोबर मधोमध लुकणाचा एक गुळगुळीत, देखणा ठिपका होता. असं काम अख्ख्या किनाऱ्यावर दुसरं कोणी करत नाही.

“हय बुराक हुतो?” मी विचारलं.

“हुतो. बारीकसो. फटफटी घरात इली त्याच दिवशी बुजवलंय.” त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. “पेट्रोल लुकण खाता. दोन दिवसांत तडकता. म्हणान अवशी-पुनवेच्या आदल्या दिवशी परत लावतंय. लांब जावचा असता... आज दोनदा लावलंय. म्हत्त्वाचो दिवस.”

पाच महिन्यांची माझी वही खिशात होती. भुताचा, काळ्या बाजाराचा, पंचांगाचा सगळा उलगडा त्या ठिपक्यात होता. मला हसायला यायला हवं होतं, आलं नाही.

मी दाभण मागितलं. मेस्तांनी दिलं नाही. रस्त्याकडेच्या दगडावर झाकण ठेवून ते त्याच्यासमोर बसले. “मी बुराक पाडूचो?” ते मला विचारत नव्हते. चाळीस वर्षांत त्यांनी बंद केलेलं काही त्यांच्या हातानं उघडलं नव्हतं. वाळूत पडलेल्या मोडक्या होड्यासुद्धा, त्यांनी भरलेला सांधा तेवढा शाबूत, म्हणून लोक दाखवायचे.

“पाणी चढतला, मेस्तानू,” मी म्हटलं.

त्यांनी झाकण कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि दाभण आरपार घातलं.

त्यानंतर फटफटी जी सुटली ती आरोंद्याच्या खाडीवरच थांबली. शिरोड्याच्या बाजारातून आम्ही घंटा बडवत गेलो तेव्हा एका मावशीची मासळीची पाटी थोडक्यात वाचली. “डोळे फुटले काय रे तुझे!” ती मागून ओरडली.

खाडीवर पोचलो तेव्हा पाणी फिरलं होतं. चिखलातून बायका पाट्या घेऊन परतत होत्या. आमच्या काठावरच्या चौकीतल्या पोलिसानं मेस्तांना पाहिलं आणि पाठ फिरवून बिडी पेटवली. मेस्तांनी खिशातून लालभडक मुंडासं काढून डोक्याला गुंडाळलं आणि ते गुडघाभर चिखलात शिरले. मी मागोमाग.

पलीकडं, पाण्याच्या अगदी कडेला, पिवळ्या लुगड्यातली एक बाई एकटीच उभी होती. तिनं छातीशी धरलेलं पांढरं गाठोडं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

मेस्त हात हलवत होते. पण तिच्याकडं नाही. बरंच डावीकडं, जाळी बांधायला रोवलेल्या एका खुंटाकडं बघून ते हात हलवत होते.

मी त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं. “थंय नाय, मेस्तानू. हय. समोर.”

“हां, हां.” थोड्या वेळानं म्हणाले, “माका लांबचा दिसणा नाय. चार वर्सा झाली.”

“आणि फटफटी चालवतास?”

“रस्तो जवळ असता.”

मी पंधरा मैल कोणाच्या मागं बसून आलो, ते त्या क्षणी मला कळलं.  “चष्मो नाय?”

“हुतो. हयच वाकान वाकान बघताना पाण्यात पडलो.”

“मगे दर अवशी-पुनवेक येतास कित्याक?”

“असा काय विचारतस?” मेस्त म्हणाले. “माका चेडू दिसणा नाय. पण चेडवाक मी दिसतंय मां?”

वारा होता. मी त्यांचा खांदा पुन्हा नीट समोर वळवला.

“आता सांग,” ते म्हणाले. “तेच्यासाठीच तुका हाडलंय. पोराक वर धरल्यान?”

“धरल्यान.”

“रडता?”

“नाय. बघता. तुमच्याकडेच बघता.”

“केस?”

“दाट आसत.”

“आणि नाक? नाक कोणाचा?”

वाचकहो, मी खोटं बोलत नाही. खोट्याविरुद्ध मी जितकं छापलंय तितकं या तालुक्यात कोणी छापलं नसेल. आणि त्या अंतरावरून मला नाक काय, मूल कुठल्या बाजूनं सुरू होतं तेही दिसत नव्हतं. एक पांढरं गाठोडं दिसत होतं, बस. मी मेस्तांच्या नाकाकडं पाहिलं. मधे बसकं आणि टोकाला एकदम फुगलेलं.

“तुमचाच,” मी म्हटलं. “अगदी डिट्टो.”

मेस्तांनी लुकणानं काळं झालेलं बोट आपल्या नाकावरून वरपासून खालपर्यंत हळूच फिरवलं. “अरेरे,” म्हणाले. “बिचारो मेलो. जल्मभर लोक हसतले तेका.” आणि स्वतःच इतके हसायला लागले, की तोल जाऊन चिखलात बसले. उठले तरी बोट नाकावरच होतं. पलीकडं पिवळं लुगडं वर वर जात माडांत दिसेनासं झालं. ते मी त्यांना सांगितलं नाही. ते आणखी बराच वेळ हात हलवत राहिले.

तेव्हापासून ते रोज कोणाला ना कोणाला त्या नाकाविषयी सांगतात. आणि मला झोप नीट लागत नाही.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणाला पलीकडं जायचा परवाना असेल, तर आरोंद्यासमोरच्या काठावर उतरून शेवंताचं घर विचारा; मेस्ताची शेवंता म्हटलं की कोणीही दाखवील. मुलाला मांडीवर घ्या, उजेडात न्या आणि नाक नीट बघा. जसं असेल तसं मला कळवा. हा लेख मेस्तांच्या हाती पडणार नाही, ती काळजी मी घेतली आहे. फक्त पोस्टकार्ड टाकू नका, बंद पाकीट टाका. आमचा पोस्टमन दोन्ही घरांचं टपाल एकाच ओटीवर ठेवतो, आणि जवळचं मेस्तांना अगदी स्वच्छ दिसतं.